श्रीलंका २०२२: त्या वर्षाआधीची वर्षं

'असंच चाललं तर आपलीही श्रीलंका होईल.' २०२२ पासून हे वाक्य आपल्याकडे टीव्हीवरच्या चर्चेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास फिरतं. बहुतेक वेळा रोख फुकटच्या योजनांवर असतो, नाहीतर चीनच्या कर्जावर. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण ते वर्ष श्रीलंकेवर ज्या कारणांनी ओढवलं, त्यांत सरकारने स्वतःहून सोडून दिलेल्या उत्पन्नाचा आणि कुणी 'थांबा' म्हणू शकणार नाही अशा सत्तेचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. अन्नाच्या भावावरून सरकार हादरणं श्रीलंकेला नवीन नाही. देशाचं नाव अजून सिलोन होतं तेव्हा, १९५३ साली, रेशनच्या तांदळाचा भाव मापामागे २५ सेंटांवरून ७० सेंटांवर नेला गेला. १२ ऑगस्टला देशभर हरताळ झाला. परिस्थिती इतकी हाताबाहेर गेली की मंत्रिमंडळाची बैठक कोलंबो बंदरातल्या ब्रिटिश युद्धनौकेवर घ्यावी लागली. पंतप्रधान डडली सेनानायके यांनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. मोफत शिक्षण १९४५ पासून, मोफत सरकारी दवाखाने, हे सगळं तिथे सात-आठ दशकं चालत आलं आहे. साक्षरता आणि आयुर्मान यांत हा देश दक्षिण आशियात दीर्घकाळ पुढे राहिला तो त्याच बळावर. कल्याणकारी खर्चानेच देश बुडायचा असता तर तो कितीतरी आधी बुडाला असता.

कच्चा दुवा होता डॉलरचा. चहा, रबर आणि नारळ विकून आलेल्या पैशात इंधन, औषधं, गहू आणि दूध पावडर आणायची, हा वसाहतकाळापासूनचा हिशेब. १९७७ मध्ये जे. आर. जयवर्धने यांनी अर्थव्यवस्था खुली केल्यावर तयार कपडे, पर्यटन आणि आखातात राबणाऱ्या लोकांनी घरी पाठवलेले पैसे यांची भर पडली, तरी तूट कायम राहिली. १९६५ पासून २०२२ पर्यंत श्रीलंका आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे सोळा वेळा गेली होती.

तमिळ बंडखोरांशी चाललेलं २६ वर्षांचं यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपलं. उत्पन्न वाढलं, देश मध्यम उत्पन्न गटात मोजला जाऊ लागला, आणि त्याबरोबर जपान, आशियाई विकास बँक अशांकडून मिळणारी स्वस्त, लांब मुदतीची कर्जं आटू लागली. त्यांची जागा सार्वभौम रोख्यांनी, म्हणजे सरकारने जागतिक बाजारात विकलेल्या कर्जरोख्यांनी घेतली. पहिला रोखा २००७ चा, ५० कोटी डॉलरचा. या रोख्यांचं व्याज चढं असतं आणि मुद्दल एकाच दिवशी, एकरकमी परत करावं लागतं. महिंदा राजपक्षे सरकारने ते काढले, २०१५ ते २०१९ च्या सिरिसेना-विक्रमसिंघे सरकारने तर सपाटाच लावला. संकटाच्या तोंडावर परदेशी कर्जातला एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा या रोख्यांचा होता. चीनचा वाटा सरकारी आकड्यांत दहा टक्क्यांच्या आसपास, आणि सरकारी कंपन्यांची कर्जं धरली तर साधारण वीस टक्के.

दक्षिण किनाऱ्यावर चिनी कर्जातून बांधलेल्या हंबनटोटा बंदराचंही तसंच. २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं आणि ११२ कोटी डॉलर आले, ही गोष्ट खरी. पण 'कर्ज फिटलं नाही म्हणून बंदर गेलं' असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही. आलेला पैसा परकीय गंगाजळीत गेला आणि बंदराचं कर्ज श्रीलंकेच्या नावावर तसंच राहिलं. त्या भागातला मत्तला विमानतळ २०१३ पासून जवळजवळ ओस आहे. हा पैसा वाया गेला, यात शंका नाही. तरी देशाला दिवाळखोरीत ढकलायला एवढं पुरेसं नव्हतं.

२१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर रविवारी चर्च आणि हॉटेलांवर बॉम्बहल्ले झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली. आदल्या वर्षी २३ लाखांवर पोचलेलं पर्यटन झोपलं. सुरक्षेची हमी देत गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि काही दिवसांतच करकपातीचा धडाका लागला. व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्के. व्हॅटच्या नोंदणीसाठी लागणारी उलाढाल वर्षाला १ कोटी २० लाख श्रीलंकन रुपयांवरून थेट ३० कोटींवर. पगारातून कर कापून घेणंही बंद. आधीच कमी कर गोळा करणाऱ्या देशात सरकारचं उत्पन्न जीडीपीच्या नऊ टक्क्यांच्याही खाली घसरत गेलं. माझ्या मते २०२२ ची खरी तारीख हीच. तीन-चार महिन्यांत कोविड आला, पतमानांकन घसरलं, आणि जुना रोखा फेडायला नवा रोखा विकायची सोय बंद झाली.

अशा वेळी कुणीतरी हात धरायला हवा होता. पण ऑक्टोबर २०२० मधल्या विसाव्या घटनादुरुस्तीने जवळपास सगळे अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या हाती आले. एक भाऊ महिंदा पंतप्रधान, दुसरे चमल मंत्री, आणि जुलै २०२१ पासून तिसरे, बासिल, अर्थमंत्री. नाही म्हणणारं माणूस टेबलाभोवती उरलंच नाही.

त्याची सगळ्यात जबर किंमत शेतकऱ्याने मोजली. एप्रिल-मे २०२१ मध्ये रासायनिक खतं आणि कीटकनाशकांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली. निवडणुकीतलं वचन दहा वर्षांत सेंद्रियकडे जाण्याचं होतं. अंमलबजावणी एका हंगामात. १९६० च्या दशकापासून सवलतीच्या युरियावर भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पर्याय काय, याची तयारी शून्य. कंपोस्ट पुरेसं नव्हतं. चीनहून जहाजभर सेंद्रिय खत निघालं, श्रीलंकेच्या तपासणीत त्यात घातक जिवाणू सापडले, माल नाकारला गेला, आणि वाद मिटवायला जानेवारी २०२२ मध्ये त्या कंपनीला जवळपास ७० लाख डॉलर द्यावे लागले. दरम्यान भारतातून नॅनो युरिया मागवला. शेतकरी रस्त्यावर उतरल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी उठली, पण तोवर मोठ्या हंगामाची पेरणी हातची गेली होती. जो देश तांदळात बहुतांशी स्वयंपूर्ण होता, त्याला तांदूळ आयात करावा लागला. डॉलर वाचवायला घेतलेल्या निर्णयाने डॉलरच खर्ची पाडले. सेंद्रिय शेतीचा मी पुरस्कर्ता आहे, म्हणूनच या प्रकाराचा मला जास्त राग येतो: एका चांगल्या कल्पनेचं नाव त्याने खराब केलं.

रिझर्व्ह बँकेसारखं काम करणाऱ्या तिथल्या मध्यवर्ती बँकेने डॉलरचा भाव २०० रुपयांच्या आसपास धरून ठेवला. बाहेर काळ्या बाजारात भाव चढा. मग आखातातला कामगार बँकेतून पैसे का पाठवेल? २०२० मध्ये ७०० कोटी डॉलरवर असलेली ही आवक २०२१ मध्ये साडेपाचशे कोटींवर आली. तरीही १८ जानेवारी २०२२ रोजी सरकारने ५० कोटी डॉलरचा एक रोखा पुरा फेडला. कर्जाची फेररचना करा, हे पैसे औषधं आणि इंधनासाठी राखा, असं अनेक अर्थतज्ज्ञ विनवत होते.

इथून पुढचं बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे. ७ मार्चला रुपयाचा भाव बाजारावर सोडून दिला, दोन महिन्यांत डॉलर साडेतीनशेपार गेला. कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. वर्तमानपत्रांनी छापील आवृत्त्या आवरल्या. पेट्रोल पंपांवर सैनिक उभे राहिले. गॅसच्या रिकाम्या टाक्या साखळीने एकमेकींना बांधून लोक रांगेत जागा धरत. उन्हात तासन् तास उभं राहून माणसं रांगेतच कोसळली, काही गेली. विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला रोशन महानामा पंपावरच्या रांगेत चहा आणि बन वाटताना दिसला. मार्चअखेर भारनियमन १३ तासांवर गेलं.

३१ मार्चच्या रात्री लोक गोटाबायांच्या मिरिहाना इथल्या खासगी घरावर चालून गेले. ३ एप्रिलला महिंदा वगळता मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. ९ एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर आंदोलकांनी तंबू ठोकले. वाचनालय, सामुदायिक स्वयंपाकघर, असा त्या 'गोटा गो गामा'चा, म्हणजे 'गोटा, चालते व्हा' या गावाचा संसार होता. सिंहली लोक या लढ्याला 'अरगलय' म्हणतात. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचं जाहीर केलं आणि १८ मे रोजी व्याजाची वाढीव मुदतही टळून गेली. स्वातंत्र्यानंतर देश प्रथमच कर्ज बुडवणारा ठरला.

९ मे रोजी महिंदांच्या समर्थकांनी मैदानावरच्या आंदोलकांना बदडलं. संध्याकाळपर्यंत महिंदांचा राजीनामा आला, रात्री सत्ताधाऱ्यांची घरं पेटली, आणि एका खासदाराचा जीव गेला. या हिंसेचं समर्थन होऊ शकत नाही.

त्याच महिन्यातली एक घटना मात्र आपल्याकडे फारशी पोचली नाही. १८ मे हा उत्तरेतल्या तमिळांसाठी युद्धाच्या अखेरीस मुळ्ळिवाय्क्काल या गावात मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत अडकलेले लोक तांदळाच्या पेजेवर जगले, म्हणून त्या दिवशी पेज वाटतात. दक्षिणेत हाच काळ विजयोत्सवाचा. २०२२ मध्ये गॉल फेसवर सिंहली, तमिळ, मुस्लिम अशा सगळ्यांनी मिळून तो स्मरणदिन पाळला, पेज वाटली. तरीही उत्तरेतले अनेक तमिळ या आंदोलनापासून अंतर राखूनच होते. रॉकेल, औषधं, वीज यांचा तुटवडा त्यांनी युद्धकाळात वर्षानुवर्षं सोसला होता, आणि तेव्हा कोलंबोत कुणी तंबू ठोकले नव्हते. त्यांचा हा सवाल रास्त आहे.

जूनच्या शेवटी सामान्य माणसाला पेट्रोल विकणंच थांबलं. ९ जुलैला लाखोंचा लोंढा राष्ट्राध्यक्ष भवनात शिरला. सापडलेली पावणेदोन कोटींहून जास्त रुपयांची रोकड आंदोलकांनी मोजून पोलिसांच्या हवाली केली. त्याच रात्री महिंदांच्या जागी पंतप्रधान झालेल्या रनिल विक्रमसिंघे यांचं घर जाळलं गेलं, त्यांच्या ग्रंथसंग्रहासकट. गोटाबाया १३ तारखेला हवाई दलाच्या विमानाने मालदीवला आणि तिथून सिंगापूरला गेले. राजीनामा ईमेलने आला. २० जुलैला संसदेने १३४ मतांनी रनिल यांना राष्ट्राध्यक्ष केलं. त्यांच्या पक्षाचा संसदेत एकच खासदार होता. डाव्या आघाडीचे अनुरा कुमार दिसानायके यांना तीन मतं पडली. दोन दिवसांनी पहाटे सैन्याने मैदान रिकामं केलं.

त्या वर्षी भारताने जवळपास ४०० कोटी डॉलरचं साहाय्य केलं. तमिळनाडूने तांदूळ, दूध पावडर, औषधं जहाजाने धाडली. सप्टेंबरमध्ये महागाई सुमारे ७० टक्क्यांवर पोचली. घरच्या संकटामुळे अमिरातीत हलवलेला आशिया चषक ११ सप्टेंबरला श्रीलंकेने पाकिस्तानला हरवून जिंकला, आणि त्याच दिवशी नेटबॉलच्या मुलींनी सिंगापुरात आशियाई विजेतेपद पटकावलं.

१ सप्टेंबरला नाणेनिधीशी २९० कोटी डॉलरचा प्राथमिक करार झाला, मार्च २०२३ मध्ये तो मंजूर झाला. व्हॅट वर्ष संपायच्या आत पुन्हा १५ टक्क्यांवर आला होता, जानेवारी २०२४ मध्ये १८ झाला. करकपातीचा लाभ मोठ्या कंपन्यांना आणि वरच्या पगारदारांना झाला होता. वाढलेला व्हॅट मात्र दुकानात जाणारा प्रत्येकजण भरतो आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये १३ टक्के असलेलं दारिद्र्य २०२२ मध्ये २५ टक्क्यांवर गेलं. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत याच लोकांनी अनुरा कुमार यांना राष्ट्राध्यक्ष केलं.