नजर मधोमध पुसट होते तेव्हा

साठीनंतर दिसायला कमी झालं की घरोघरी एकच निदान होतं: मोतीबिंदू. मग ‘बघू पुढे’ म्हणत महिने जातात. पण दाराची चौकट मध्येच वाकडी दिसत असेल, समोरच्याचे कान-केस दिसून चेहराच पुसट होत असेल, तर दोष डोळ्याच्या भिंगात नसून मागच्या पडद्यात असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी थांबणं महागात पडतं.

पडद्याच्या मध्यभागी जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा मॅक्युला असतो. वाचणं, सुई ओवणं, माणूस ओळखणं हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. वयोमानानं त्याची झीज होते, तो हा आजार: मॅक्युलर डीजनरेशन. त्यात मॅक्युलाखाली ‘ड्रुसेन’ नावाचे पिवळसर साठे जमतात. पुष्कळांचा आजार तिथेच रेंगाळतो. ज्यांचा बळावतो, त्यांच्यात दोन प्रकार दिसतात. कोरड्या प्रकारात मॅक्युलातल्या पेशी वर्षानुवर्षं थोड्याथोड्या मरत जातात. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात, आणि नजर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ढासळू शकते.

तरी अनेकांना ते उशिरा कळतं, कारण चांगला डोळा बिघडलेल्या डोळ्याची उणीव भरून काढतो. म्हणून अ‍ॅम्सलर चार्ट, म्हणजे मधोमध ठिपका असलेली चौकटींची जाळी, एकेक डोळा झाकून बघायची असते. वाचायचा चष्मा लावायचा आणि नजर ठिपक्यावर ठेवायची. रेषा नव्यानं वाकल्या किंवा तुटल्या, तर लगेच पडद्याच्या डॉक्टरांना गाठायचं.

तिथे बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासतात आणि ओसीटी नावाचं स्कॅन काढतात. 1991 मध्ये जगापुढे आलेल्या या तंत्रानं निदानाचं रूपच पालटलं. डोळ्याला स्पर्शही न करता, प्रकाशाच्या साहाय्यानं पडद्याचे थर उभ्या छेदात दिसतात. साचलेलं पाणी काळ्या पोकळीसारखं उठून दिसतं. गरज पडली तर हाताच्या शिरेत रंगद्रव्य सोडून अँजिओग्राफी करतात, म्हणजे गळती नेमकी कुठे आहे ते कळतं.

ओल्या प्रकारावर मुख्य उपचार डोळ्यातलं इंजेक्शन. ऐकूनच पोटात गोळा येतो, पण भीतीच्या मानानं त्रास फार कमी. थेंबांनी डोळा बधिर करतात, आयोडीनच्या द्रावणानं जंतुविरहित करतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, बारीक सुईनं साधारण 0.05 मिलिलिटर औषध सोडतात. सुई आत असते ती काही सेकंदच. हे औषध नव्या रक्तवाहिन्यांना खतपाणी घालणारं ‘व्हीईजीएफ’ नावाचं प्रथिन अडवतं. अशा औषधांपैकी रॅनिबिझुमॅबला 2006 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत सुमारे एक तृतीयांश रुग्णांची नजर ठळकपणे सुधारली. त्याआधी असलेली नजर टिकली तरी खूप मानायचे. मूळचं कर्करोगाचं औषध बेव्हॅसिझुमॅबही नजर राखण्यात त्याच्या बरोबरीचं ठरतं, हे 2011 मध्ये दिसलं, आणि ते पुष्कळच स्वस्त पडतं.

सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे ओसीटी पाहून अंतर वाढवत इंजेक्शनं घ्यावी लागतात. दिसू लागलं की अनेकजण येणंच बंद करतात. मला या आजारातली सर्वांत हळहळ लावणारी गोष्ट हीच वाटते, कारण औषध आजार दाबून ठेवतं, मुळापासून काढत नाही. इंजेक्शननंतर वाढती वेदना, लाली किंवा नजर कमी होणं दिसलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण तो डोळा घालवू शकतो.

बळावलेल्या कोरड्या प्रकारावर अमेरिकेत 2023 मध्ये दोन इंजेक्शनं मान्य झाली. ती पेशींची झीज मंदावतात. गेलेली नजर परत आणत नाहीत. धूम्रपान सोडणं दोन्ही प्रकारांत मोलाचं. ल्युटीन, जस्त वगैरेंच्या ठरावीक गोळ्या मधल्या टप्प्यावरच्यांना उपयोगी पडतात, सरसकट सगळ्यांना नव्हे.

नजर बरीच गेलेल्या काहींना नसलेली माणसं, नक्षी, फुलं दिसतात. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. ‘वेड लागलं म्हणतील’ या धास्तीनं आजी-आजोबा ते लपवतात. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदू स्वतःच चित्रं उभी करतो. ते वेड नव्हे. घरच्यांनी आपण होऊन विचारलं, तर त्यांना ते सांगता येतं.