आहारविकारातून सावरणे

आहारविकारातून सावरणे : अन्नाशी बिघडलेले नाते आहार, वैद्यकीय देखरेख आणि मानसोपचार यांच्या आधाराने पुन्हा जुळवण्याची दीर्घ प्रक्रिया. ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळणे), बुलिमिया (भरमसाट खाऊन ते उलटी वगैरे करून बाहेर काढणे) आणि अनावर अतिखादन हे यातले प्रमुख विकार.

पाहणाऱ्याला हा निव्वळ हट्ट वाटतो. पण उपासमार धडधाकट माणसालाही कशी पछाडते, हे मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोगात (1944–45) दिसले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेल्या 36 तरुणांना शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी, त्यांच्या संमतीने, 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. हळूहळू त्यांना अन्नाखेरीज दुसरा विषय सुचेनासा झाला. कुणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला, कुणी ताटली चाटू लागला, कुणी एकच जेवण तासभर पुरवू लागला. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही अनेकांची खा-खा कित्येक महिने शमली नाही. आजाराच्या खात्यावर मांडली जाणारी बरीच लक्षणे मुळात भुकेची असतात. म्हणून पहिले औषध अन्नच.

तेही बेताने. फार खंगलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घटून जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाचे जेवण रुग्णालयात, रक्ताच्या तपासण्या करत वाढवतात.

किशोरवयीनांसाठी लंडनच्या मॉड्झली रुग्णालयात 1980 च्या दशकात कुटुंबाधारित पद्धत आकाराला आली. सुरुवातीला काय आणि किती खायचे, हे आईवडील ठरवतात. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात समोर वरणभात असतो, तूप लागलेला भात ताटाच्या कडेला सारलेला असतो, ‘आई, आज तूप नको ना’ अशी विनवणी चालू असते आणि आई वाद न घालता ताट संपेपर्यंत बसून राहते.

मराठी घरांत हा आजार उपासांआडही सहज दडतो. साबुदाण्याची खिचडी नाकारून नुसत्या पाण्यावर एकादशी काढणाऱ्या मुलीचे कौतुकच होते!

वजन आधी परतते, विचार बऱ्याच मागून. मधे आजार उलटणेही नेहमीचे. बॉस्टनमध्ये 246 स्त्रियांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. ॲनोरेक्सिया असलेल्यांपैकी 9 वर्षांनी सुमारे 31 टक्के बऱ्या झाल्या होत्या, 22 वर्षांनी सुमारे 63 टक्के. बुलिमियात मात्र हे प्रमाण दोन्ही वेळा 68 टक्क्यांच्या आसपासच होते.