कृमीबाधित प्राण्याचं हिमोग्लोबिन उतरलं: रक्त गेलं की लोह अडकलं?

प्रयोगशाळेतल्या प्राण्यात आतड्याचे कृमी असले आणि हिमोग्लोबिन उतरलेलं दिसलं, की 'कृमींनी रक्त प्यायलं' असा निष्कर्ष चटकन निघतो. काही वेळा तो बरोबर असतो. पण त्याच आकड्यामागे दीर्घकाळच्या दाहातून होणारा रक्तक्षयही असू शकतो. त्यात रक्त बाहेर गेलेलंच नसतं, शरीरातलं लोह कुलूपबंद झालेलं असतं.

रक्तस्रावाचं ठळक उदाहरण म्हणजे सोनेरी हॅमस्टरमधला अंकुशकृमी, अँकायलोस्टोमा सेलॅनिकम. हा कृमी लहान आतड्याच्या अस्तरात दात रोवतो आणि रक्त गोठू न देणारी प्रथिनं सोडतो, त्यामुळे त्याने जागा बदलली तरी जुन्या जखमेतून रक्त पाझरत राहतं. अळ्यांचे प्रौढ कृमी होतात, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, हिमोग्लोबिन उतरू लागतं. सुरुवातीला तांबड्या पेशींचा आकार नेहमीसारखाच असतो. अस्थिमज्जा जोमाने कामाला लागते आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी, वाढतात. रक्ताबरोबर लोहही जात असतं. साठा संपला की पेशी लहान आणि फिकट होत जातात. अल्ब्युमिन हे रक्तद्रवातलं मुख्य प्रथिनही घटतं, कारण रक्ताबरोबर प्रथिनंही जातात.

दाहाच्या रक्तक्षयात गोष्ट उलटी. इंटरल्यूकिन-६ सारख्या संदेशवाहकांमुळे यकृत हेप्सिडिन, म्हणजे लोहाच्या हालचालीवर ताबा ठेवणारं संप्रेरक, जास्त तयार करतं. हेप्सिडिन मॅक्रोफेज, म्हणजे जुन्या तांबड्या पेशी गिळून त्यांतलं लोह साठवणाऱ्या पेशी, यांच्यामधून लोह बाहेर पडू देत नाही आणि आतड्यातून होणारं लोहाचं शोषणही रोखतं. रक्तद्रवातलं लोह इथेही कमीच सापडतं, आणि घोटाळा होतो तो नेमका इथे. पेशींचा आकार मात्र बहुधा नेहमीसारखा राहतो आणि रेटिक्युलोसाइट रक्तक्षयाच्या मानाने वाढत नाहीत. रक्तस्रावात हेप्सिडिन खाली येतं. अस्थिमज्जेत घडणाऱ्या तांबड्या पेशी एरिथ्रोफेरॉन नावाचं संप्रेरक सोडून हेप्सिडिन दाबतात. हे संप्रेरक उंदरांवरच्या कामातून 2014 मध्ये समोर आलं.

मला सर्वांत भरवशाचा पुरावा वाटतो तो प्लीहेचा. प्लीहेचा पातळ छेद प्रशियन ब्लूने, म्हणजे लोह निळं दाखवणाऱ्या रंगाने, रंगवून पाहावा. लोह अडकलेलं असेल तर मॅक्रोफेजमध्ये निळे ठिपके दाटलेले दिसतात. रक्त गेलं असेल आणि साठा संपला असेल तर निळा रंग जवळजवळ नसतोच. फेरिटिनवर, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाच्या रक्तातल्या पातळीवर, एकट्यावर विसंबू नये: दाहात ते वाढतं, त्यामुळे रक्तस्राव आणि दाह एकत्र असतील तर साठा रिकामा असूनही आकडा ठीकठाक येऊ शकतो. आणि अंकुशकृमीच्या जड संसर्गात दोन्ही एकत्र असणं मुळीच नवल नाही.

इओसिनोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढले म्हणून कुठल्याच बाजूने कौल देता येत नाही. ते कृमींविरुद्धच्या प्रतिसादाचं लक्षण आहे, रक्त न पिणाऱ्या कृमींमध्येही ते वाढतात.

पेशींच्या आकारावर बोलण्याआधी रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राचं सेटिंग तपासा. उंदराच्या तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान साधारण 45 ते 55 फेम्टोलिटर, माणसाचं 80 ते 100. माणसाच्या मापाने पाहिलं तर निरोगी उंदीरही लोहाच्या कमतरतेचा वाटेल.

शिवाय रक्तस्रावाचं एक कारण आपल्याच हातात असतं. 25 ग्रॅमच्या उंदराच्या अंगात जेमतेम 1.8 मिलिलिटर रक्त असतं. दर आठवड्याला 0.2 मिलिलिटर काढत राहिलो तर प्रत्येक वेळी नववा हिस्साच गेला, आणि कृमी नसतानाही रेटिक्युलोसाइट वाढतील. म्हणून संसर्ग न दिलेल्या गटाचंही रक्त तेवढंच आणि त्याच दिवशी काढायला हवं. ते केलेलं नसेल, तर उतरलेल्या हिमोग्लोबिनचा दोष कृमींवर टाकू नये.