दंतरोपणासाठी अस्थिकलम : पदार्थांची तुलना

दात काढला की त्याला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते आणि पहिल्या ६ महिन्यांतच त्याची रुंदी एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटू शकते. पुढे तेथे टायटॅनियमचा इम्प्लांट बसवायचा तर त्याला सर्व बाजूंनी हाड लागते. ते कमी पडल्यास जो पदार्थ भरतात, त्याला अस्थिकलम किंवा बोन ग्राफ्ट म्हणतात.

या पदार्थांकडे पाहताना तीन गोष्टी तपासतात : त्यात हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी आहेत का, आसपासच्या पेशींना तो त्या कामाला लावतो का, आणि नव्या हाडाला पसरण्यासाठी सांगाडा पुरवतो का. तिन्ही गुण रुग्णाच्या स्वतःच्या हाडात, म्हणजे ऑटोग्राफ्टमध्ये, एकत्र आढळतात. ते हनुवटीतून, खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून किंवा उणीव मोठी असल्यास कमरेच्या हाडातून घेतात. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, हनुवटीतून घेतल्यास पुढच्या दातांना बधिरपणा येऊ शकतो आणि कमरेतून घेऊन बसवलेल्या हाडाचा बराच भाग कालांतराने शोषला जातो. त्यामुळे ऑटोग्राफ्टला सरसकट सर्वोत्तम म्हणण्याचा प्रघात अर्धाच खरा आहे.

मानवी दात्याच्या हाडापासून बनवलेल्या अॅलोग्राफ्टमध्ये दुसरी जखम टळते. त्यातील खनिजे काढून टाकली की हाडनिर्मितीला चालना देणारी प्रथिने मोकळी होतात. हा परिणाम मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिला. ही क्षमता मात्र दात्यागणिक कमी-अधिक असते.

झेनोग्राफ्ट, म्हणजे प्राण्यांच्या हाडापासूनचे कलम, बहुधा गुरांच्या हाडातील सेंद्रिय भाग काढून तयार करतात. त्याचे साधारण ०.२५ ते १ मिलिमीटरचे पांढरे कण सलाइनमध्ये किंवा रुग्णाच्या रक्तात भिजवले की ओल्या वाळूसारखे एकमेकांना धरतात आणि चमच्याने जागेवर भरता येतात. ते इतके सावकाश शोषले जातात की काही वर्षांनी घेतलेल्या नमुन्यातही नव्या हाडात रुतलेले दिसतात. हा दोष मानणे घाईचे ठरेल, कारण वरच्या जबड्यातील सायनसचा, म्हणजे हवेच्या पोकळीचा, तळ उचलताना भरलेली जागा टिकून राहणे हेच महत्त्वाचे असते. स्रोत प्राणिज असल्याने रुग्णाची संमती आधी घ्यावी लागते.

कृत्रिम पदार्थांपैकी हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट दीर्घकाळ टिकते, तर बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्याहून बरेच लवकर विरते. म्हणून दोन्हींची मिश्रणेही वापरतात.

दात काढल्यानंतरच्या खाचेच्या चारही भिंती शाबूत असतील, तर यांपैकी बहुतेक पदार्थ निभावून नेतात. हाडाची उंची वाढवायची असते तेव्हा मात्र नुसते कण सरकतात आणि त्यांना पडद्याचा, टायटॅनियमच्या जाळीचा किंवा स्क्रूने बसवलेल्या हाडाच्या तुकड्याचा आधार द्यावा लागतो.