मोठा टीव्ही घेताय? आधी भिंत मोजा, मग दुकानात जा

आम्ही टीव्ही विकत नाही. दुसऱ्यांनी विकलेले टीव्ही दादर, परळ, लालबाग, नायगाव या पट्ट्यातल्या घरांत भिंतीवर बसवतो आणि बिघडले की उघडतो. त्यामुळे तुम्ही कोणत्या कंपनीचा सेट घेता याच्याशी आमचा नफातोटा बांधलेला नाही. पण सेट बसवून आम्ही जिना उतरतो न उतरतो तोच फोन येतो, ‘‘अहो, दुकानात दिसत होता तसा दिसत नाही हो!’’ सेट चांगला असतो, आमचं कामही ठीक असतं. गफलत दुकानात उभं असतानाच झालेली असते. हा फोन कमी यावा म्हणून हे पत्रक.

कागदाचा टीव्ही

जाहिरातीत १३९ सेमी असं छापलेलं असतं, ते म्हणजे आपले ५५ इंच. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतलेलं असतं. भिंतीवर त्याचा उपयोग नाही. भिंतीला हवी रुंदी आणि उंची. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेमी रुंद आणि ५४ सेमी उंच भरतो, ५५ इंची १२२ बाय ६९, ६५ इंची १४४ बाय ८१ आणि ७५ इंची १६६ बाय ९३. कडेची पट्टी यात धरलेली नाही, पण ती हल्ली बोटभरही नसते. ५५ वरून ६५ म्हणजे दहाच इंच वाढले असं वाटतं, पण पडद्याचं क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांनी वाढतं. खोलीत ते जाणवतं.

वर्तमानपत्रं जोडून या मापाचा कागद कापा, भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कपाटाचं दार त्याला आपटतं का, देव्हारा झाकला जातो का, पंख्याचं बटण मागे जातं का, हे फुकटात कळतं. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिथे पलंगावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सात-आठ फूट मिळाले तरी खूप. पुनर्विकासानंतर नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्यांनी हॉल मोठा म्हणून थेट ७५ इंचाकडे धाव घेऊ नये. हॉलची लांबी वाढली तरी सोफा कुठल्या भिंतीला लागतो, यावर अंतर ठरतं.

अंतराचा हिशोब सोपा आहे. पडद्याचं तिरकं माप गुणिले सव्वा ते दीड, तिथे बसून पाहायला बरं वाटतं. ५५ इंचाला हे पावणेसहा ते सात फूट येतं. बातम्या आणि मालिकाच बघणारं घर असेल, तर आणखी थोडं लांब बसलेलं चालतं. जवळ बसणाऱ्यांनाच फोर-केचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेल्या पडद्याचा, खरा फायदा होतो. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक ठिपका साधारण ०.६३ मिलिमीटरचा पडतो. नजर चांगली असली तरी सात फुटांच्या पलीकडून असा एकेक ठिपका वेगळा दिसत नाही. म्हणजे तुम्ही दहा फुटांवर बसणार असाल, तर फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्याला फारसा कळणार नाही. मोठ्या सेटमध्ये आता फुल एचडी जवळपास मिळतही नाही. तेव्हा ‘फोर-के’ या शब्दावर जास्त पैसे मोजू नका, एवढंच.

एक टेप लिफ्टच्या दारालाही लावा. ६५ इंची सेटचं खोकं दीड मीटरपेक्षा लांब असतं आणि ते उभंच न्यावं लागतं. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये ते बहुतेकदा मावत नाही. मग वळणाचा लाकडी जिना, तिसरा मजला, आणि डिलिव्हरीवाल्या पोरांचे चेहरे!

दुकानातला उजेड

सगळी गंमत इथे आहे. दुकानात डोक्यावर रांगेने ट्यूबलाइट आणि शेजारी वीस सेट पेटलेले. त्या गर्दीत जो सर्वात भडक तोच नजरेत भरतो. कंपन्यांनाही हे माहीत आहे. म्हणून बहुतेक सेटमध्ये दुकानासाठी वेगळा ‘स्टोअर मोड’ असतो. त्यात उजेड अगदी वर नेलेला, रंग गडद केलेले आणि पांढऱ्याला निळसर झाक दिलेली असते, कारण निळसर पांढरा ट्यूबलाइटखाली जास्त स्वच्छ वाटतो. त्यावर चालू असतो मध, फुलपाखरं आणि रंगीत मासे. तो व्हिडिओ कंपनीने स्वतःचा पडदा खुलवण्यासाठीच बनवलेला असतो. घरी मासे फक्त ताटात.

या उजेडाने एक अख्खं तंत्रज्ञान मागे पडलं असं आमच्याकडच्या जुन्या मेकॅनिकचं मत आहे, आणि आम्हाला ते पटतं. प्लाझ्मा टीव्हीचा काळा रंग आणि हलतं चित्र त्या वेळच्या एलसीडीपेक्षा सरस होतं, पण लखलखत्या शोरूममध्ये तो मंद दिसायचा. गिऱ्हाईक शेजारचा चकचकीत एलसीडी उचलायचं. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीनेही. वीज जास्त खाणं आणि किंमत हीही कारणं होती, पण दुकानातला उजेड त्याच्या मुळावर आला हे नक्की.

तेव्हा सेल्समनला सांगा, ‘‘दादा, स्टोअर मोड काढून होम मोड लावा आणि पिक्चर ‘सिनेमा’वर न्या.’’ काही सेट पाच-दहा मिनिटांत आपोआप परत भडक होतात, तेव्हा लक्ष ठेवा. दोन सेटची तुलना करायची तर दोन्हींवर एकच मोड आणि एकच व्हिडिओ हवा. एकावर क्रिकेट आणि दुसऱ्यावर फुलपाखरं, ही तुलना नव्हे. ‘सिनेमा’ मोड पहिल्यांदा पिवळट वाटेल. घाबरू नका, दोन दिवसांत डोळा बसतो आणि मग जुना भडकपणाच निळा वाटायला लागतो.

दुपारी शोरूम रिकामं असतं. कामाच्या दिवशी दोन ते चारमध्ये जा, म्हणजे सेल्समन रिमोट हातात देतो. गणपतीआधीच्या रविवारी किंवा दसऱ्याला गेलात, तर ‘‘सर, ऑफर आजच आहे’’ एवढंच ऐकून परत याल.

पेनड्राइव्हवर काय न्यावं

स्वतःचा व्हिडिओ न्या. आमची शिफारस आहे घरच्या हळदीच्या कार्यक्रमाची. हसू नका! मावशीचा रंग, नऊवारीचा हिरवा, पैठणीची जर आणि हळदीचा पिवळा हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं. चेहरे टोमॅटोसारखे लाल दिसले की समजायचं, सेट रंग वाढवून दाखवतोय. मासा खराखुरा कसा दिसतो हे कुणाला माहीत?

दुसरा तुकडा रात्रीच्या प्रसंगाचा. अंधारातल्या माणसाच्या केसांचे आणि काळ्या कोटाचे तपशील वेगळे दिसायला हवेत. सगळं मिळून एक काळा डाग दिसत असेल, तर तो ‘गडद काळा’ नव्हे, तिथे चित्र गिळलं गेलंय. काळ्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती धुरकट वलय उठतं का तेही पाहा.

तिसरं क्रिकेट. कॅमेरा चेंडूमागे फिरतो तेव्हा हिरव्या मैदानावर मळकट पट्टे सरकताना दिसले, तर पॅनेलचा, म्हणजे खुद्द पडद्याचा, उजेड सारखा पसरलेला नाही. हा दोष एकदा दिसला की पुढची पाच वर्षं दिसतच राहतो.

फाइल साधी एमपी-फोर ठेवा. पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. दुकानाने पेनड्राइव्ह लावू दिला नाही, तर त्यांच्याच वाय-फायवर यूट्यूब उघडायला सांगा.

आणि घरी केबलवर साधे, म्हणजे एचडी नसलेले चॅनेल बघत असाल, तर तेही दाखवायला लावा. साध्या चॅनेलच्या चित्रात ५७६ रेषा असतात, फोर-के पडद्यावर २१६०. मधल्या सगळ्या रेषा सेटने स्वतः रचून घालायच्या असतात. या कामात स्वस्त सेट पटकन उघडे पडतात. आजींची संध्याकाळची मालिका धूसर दिसली, तर तुमचं फोर-के काय कामाचं?

नावांचा गोंधळ

एलईडी आणि क्यूएलईडी ही दोन्ही मुळात एलसीडीच, मागून दिवा लावलेली. क्यूएलईडीत रंग खुलवणारा एक थर जास्त. मिनी-एलईडीत मागचे दिवे बारीक, भरपूर आणि गटागटाने मंद होणारे, त्यामुळे काळा रंग सुधारतो. ओएलईडी मात्र वेगळी जात आहे. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. अंधाऱ्या खोलीत त्याला तोड नाही. पण ज्या घरात सकाळपासून बातम्यांची पट्टी चालू असते, तिथे आम्ही तो सुचवत नाही. एकाच जागी रोज तासन्‌तास राहणारं चिन्ह कालांतराने पडद्यावर डाग ठेवू शकतं. डेमोला वापरलेला ओएलईडी स्वस्तात मिळत असेल, तर आधी पूर्ण राखाडी चित्र लावून बघा.

साध्या एलसीडीतही दोन प्रकार आहेत. व्हीए पॅनेलचा काळा चांगला, पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूनेही बरा दिसतो, मात्र काळा करडा होतो. मुंबईच्या खोलीत हे महत्त्वाचं आहे. इथे सगळे समोर बसत नाहीत, एक जण दिवाणाच्या टोकाला, एक खाली चटईवर, एक स्वयंपाकघराच्या दारात. दुकानात तुम्हीही तसे उभे राहा, आणि लाज सोडून एकदा खाली वाकून बघा.

सेट बंद करून काळ्या पडद्यात दुकानातली ट्यूबलाइट किती स्पष्ट दिसते तेही बघा. गॅलरीचं दार टीव्हीसमोर असेल, तर दिवसभर तेच दार पडद्यावर दिसणार.

हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा. तो विचारताना ‘पॅनेल किती हर्ट्झचं’ असं विचारा. ६०, १२० किंवा १४४ असं उत्तर यायला हवं. ‘मोशन रेट’ वगैरे मोठे आकडे हे मार्केटिंगचं गणित. आवाजाची तुलना दुकानात करूच नका, त्या कलकलाटात काही कळत नाही. आणि आत अ‍ॅप किती आहेत यावर सेट निवडू नका, टीव्हीच्या मागे लावायची वेगळी स्ट्रीमिंग स्टिक घेऊन ते काम होतं.

किंमत जुळवताना मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. ऑनलाइन आणि दुकानातला सेट एकाच अक्षराने वेगळा असतो आणि त्या अक्षरात कधी कधी पॅनेल बदललेलं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कोणी त्याआधीचा भाव दाखवून ‘डिस्काउंट’ सांगत असेल, तर ते लक्षात असू द्या.

भिंत, ओल आणि पावसाळा

पश्चिमेच्या भिंतीवर जुलैत ओल येते, तिथे सेट नको. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही टाळा. मागच्या पावसाळ्यात आम्ही एक सेट उघडला, बाहेरून नवा कोरा, आत बोर्डावर हिरवा थर. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा हेच करते. तिथे सेट महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, आठवड्यातून थोडा वेळ चालवा.

नव्या टॉवरमध्ये भिंत काँक्रीटची निघाली तर भोक पाडायला वेळ लागतो, पण पकड उत्तम. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या, भिंतीत स्क्रूची साधी गिट्टी ढिली होते, लांब फास्टनर लागतो. जिप्सम पार्टिशन असेल तर आधी मागे प्लाय बसवावा लागेल. आम्हाला आधी कळवा. स्टॅबिलायझरवर खर्च करण्याआधी सेटच्या मागचं लेबल वाचा. तिथे १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल, तर पैसे अर्थिंग नीट करण्यावर घाला. विजा चमकायला लागल्या की प्लगबरोबर केबलची वायरही काढा.

सेट घरी आल्यावर

डिलिव्हरीवाल्यासमोरच सुरू करून बघा. पांढरं आणि राखाडी चित्र लावा, चारही कोपरे न्याहाळा. तडा गेलेला पडदा वॉरंटीत बसत नाही, आणि माणूस जिना उतरला की तडा तुमचा. खोकं आणि थर्माकोल पंधरा दिवस फेकू नका, गॅलरीत ठेवा. सेट पलंगावर आडवा टाकू नका.

आम्हाला फोन करताना सेटच्या मागच्या चार भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर मिलिमीटरमध्ये सांगा, २०० बाय २००, ३०० बाय २००, ४०० बाय ३०० असं काहीतरी असेल. भिंत कसली ते सांगा आणि पलंगावर बसून जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची मोजून ठेवा. ब्रॅकेट बरोबरच घेऊन येऊ, दुसरी फेरी पडणार नाही.