सी-प्लेनच्या पोटाखालची पायरी

परवा जेवताना भाच्याने विचारलं, "मामा, ते हडसन नदीत उतरलेलं विमान म्हणजे सी-प्लेनच ना?" म्हटलं नाही रे, ते साधं एअरबस ए-३२०, १५ जानेवारी २००९ ला दोन्ही इंजिनांत पक्षी गेले म्हणून पायलटने नाइलाजाने नदीत उतरवलं, आतली १५५ च्या १५५ माणसं वाचली. तर म्हणतो, "मग फरक काय? उतरलं ना पाण्यावर?"

प्रश्न तसा बरोबर आहे. फरक असा की ते विमान पुढे क्रेनने उचलून बाहेर काढावं लागलं. पाण्यावर एकदा कसंबसं उतरणं वेगळं आणि त्याच पाण्यावरून पुन्हा उडणं वेगळं. सी-प्लेनची सगळी गंमत त्या उडण्यात आहे आणि बातम्यांमध्ये नेमकं तेच कधी येत नाही.

आधी नावांचा घोळ. आपले पेपरवाले पाणी दिसलं की सरसकट सी-प्लेन लिहून मोकळे होतात, पण त्यात तीन जाती आहेत. एक फ्लोटप्लेन, म्हणजे विमान नेहमीचंच, फक्त चाकांच्या जागी दोन लांबट होड्या, त्यांना फ्लोट म्हणतात, विमानाचं पोट पाण्याला लागतच नाही. मालदीवला हनिमूनला गेलेले लोक ज्याच्यासमोर फोटो काढतात ते ट्विन ऑटर हेच (तिथला क्रू अनवाणी विमान चालवतो, ते मला फार आवडतं). दुसरी फ्लाइंग बोट, म्हणजे उडती होडी, हिचं पोटच होडीसारखं बांधलेलं. १९३० च्या दशकाच्या शेवटी इम्पिरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीच्या उडत्या होड्या इंग्लंडहून निघून कराचीच्या कोरंगी खाडीत, मग राजसमंद तलावात, ग्वाल्हेरला आणि कलकत्त्याला हुगळीत उतरायच्या. तिसरी जात उभयचर, शाळेतल्या बेडकासारखी, फ्लोट किंवा होडी आहेच वर चाकंही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाडा-श्रीशैलम आणि कोची-मट्टुपेट्टी अशी जी ट्रायल झाली ते विमान या जातीचं.

आणि हो, विमान हा शब्द आला की कोणीतरी 'वैमानिक शास्त्र' या प्राचीन म्हणून खपवल्या जाणाऱ्या पुस्तकाचा फॉरवर्ड टाकतोच, सोबत १८९५ साली तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट. त्या पुस्तकातल्या विमानांची बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या लोकांनी १९७४ मध्ये गणितं करून बघितली, यातलं काही उडणार नाही असा निष्कर्ष निघाला आणि पुस्तकही विसाव्या शतकातलंच निघालं. चौपाटीवर सी-प्लेन खरंच आलं ते डिसेंबर २०१७ मध्ये, ट्रायलला. त्यानंतर घोषणा किती झाल्या ते मोजायचं मी सोडून दिलंय. साबरमतीची सेवासुद्धा ऑक्टोबर २०२० मध्ये वाजतगाजत सुरू झाली आणि काही महिन्यांत बंद पडली.

असो. आता माझा आवडता भाग.

पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट. इंजिनाला जोर दिला की विमान आधी होडीसारखंच पाणी कापत निघतं, पुढे लाट उभी राहते, नाक वर होतं आणि विमान आपणच उभ्या केलेल्या लाटेचा चढ चढायला लागतं. इथे पाण्याचा विरोध सगळ्यात जास्त, याला हंप म्हणतात, इंजिनात दम नसेल तर विमान इथेच घुटमळत राहतं. दम असेल तर चढ पार होतो आणि चपटा दगड आडवा भिरकावला की तो जसा टप्पे खात जातो तसं विमान पाण्यात न राहता पाण्यावरून घसरायला लागतं. विरोध झपकन कमी होतो, वेग वाढतो. आता उडणार असं वाटतं ना? नाही उडत.

कारण कळायला स्वयंपाकघरात जा. नळाची बारीक धार सोडा, चमचा दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल धरून लोंबू द्या आणि चमच्याची फुगीर पाठ धारेला हळूच टेकवा. वाटतं धार चमच्याला ढकलेल, पण उलट तो धारेत ओढला जातो. पाणी त्या गोलाईला चिकटून वळतं, म्हणजे चमचा पाण्याला स्वतःकडे ओढतोय, म्हणजे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने पाणीही चमच्याला ओढतंय.

उडत्या होडीचं पोट काय किंवा फ्लोटचा तळ काय, मागच्या बाजूला असंच वर वळलेलं असतं. ते ठेवावंच लागतं, कारण उडताना नाक वर करायचं तर शेपटी खाली जाणार, पोट सरळ असेल तर शेपूट पाण्यात आपटेल. पण वळवलं की तिथे चमचा झाला. वेग वाढेल तशी ओढही वाढते, शेपटी पाण्याला चिकटते आणि नाक हवं तसं वर घेताच येत नाही. १९१२ मध्ये अमेरिकेत ग्लेन कर्टिस या विमान बनवणाऱ्याची उडती होडी अशीच कितीही पळवली तरी पाणी सोडेना. मग तळाला आडवी पायरी केली आणि ती उडाली.

पायरी म्हणजे खरंच पायरी. तळ पुढून मागे येता येता मध्येच एकदम वर कापलेला, लहान फ्लोटला दोन-तीन बोटं, मोठ्या होडीला वीतभर. पाणी पायरीच्या कडेपर्यंत येतं, पुढे चिकटायला काही मिळत नाही, बाजूंनी हवा आत शिरते आणि पाणी सुटं होतं. शिवाय ही पायरी विमानाच्या गुरुत्वमध्याच्या किंचित मागे ठेवतात म्हणजे तिच्यावर टेकून विमानाला नाक वरखाली करता येतं. जागा, खोली किंवा नाकाचा कोन चुकला की विमान डॉल्फिनसारखं उड्या मारायला लागतं, उड्या वाढत गेल्या तर फुटतंही, आणि पायरी फार खोल केली तर वर हवेत तीच अडथळा करते, म्हणून डिझाइनवाल्यांची दोन्हीकडून ओढाताण.

आता एक उलटं वाटणारं. तळं आरशासारखं शांत असेल तर आपल्याला वाटतं काय मस्त, पण पायलटला ते नको असतं. उतरताना पाणी नेमकं किती खाली आहे ते डोळ्यांना कळत नाही, आणि उडताना बारीक लाटांमधून तळाखाली जी थोडी हवा शिरते ती मिळत नाही. मग फ्लोटप्लेनचे पायलट कधीकधी विमान किंचित कलतं करून आधी एकच फ्लोट पाण्याबाहेर काढतात आणि मग दुसरा, चिखलात रुतलेला पाय काढताना आपण आधी टाच सोडवतो तसं.