मामाची पेटी, तीन सीडी आणि आपला पावसाळा

यंदा जून संपता संपता फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरातलं कपाट आवरायला काढलं, तर खालच्या खणात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली एका प्लास्टिकच्या डबीत तीन सीडी सापडल्या. वर कागदी लेबल आणि त्यावर निळ्या शाईत "जत्रा नाटक २००४", पुढे १, २, ३. आमच्या गावात जत्रेला गावचीच माणसं संगीत नाटक करतात, त्या वर्षी पेटीला माझा मामा बसला होता आणि शूटिंगवाल्याने रात्रभर कॅमेरा लावून नंतर ज्याला हव्या त्याला व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओच्या सीडी, करून दिल्या होत्या. मामा आता नाही. त्याच्या पेटीचं दुसरं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही.

लेबलं दमट हवेने फुगून कडेला सुटत आली होती. तिसऱ्या सीडीचं लेबल मी बोटाने जरासं उचललं तर त्याच्याबरोबर नखाएवढा चंदेरी पापुद्रा पण निघून आला, आणि त्या जागेतून मला पलीकडची खिडकी दिसायला लागली. माझ्या हातून काय झालं ते मला तिथेच कळलं, कारण तो पापुद्राच तर सगळं असतो.

आपण सगळे सीडीची चकचकीत बाजू जपतो, खाली ठेवताना ती वर करतो. पण सीडीत माहिती असते ती लेबलाच्या बाजूला! सीडी म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक, त्याच्या वरच्या अंगाला माहितीचे खळगे, त्यावर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ धातूचा थर, त्यावर लॅकरचा हात आणि मग लेबल. म्हणजे खालून ओरखडा गेला तर तो आधी जाड प्लास्टिकवर जातो आणि बऱ्याचदा पॉलिश करून निघतो, पण वरून साधी बॉलपेनची टोच लागली की माहितीच गेली. डीव्हीडीत ही चूक सुधारली, तिथे तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्यांच्या मधे सँडविचसारखा असतो, आणि तिच्यानंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कमध्ये उलटं करून थर खालच्या बाजूला अगदी जवळ, ०.१ मिलिमीटरवर आणला, म्हणून त्या बाजूला खास कडक कोटिंग द्यावं लागतं.

आता ते खळगे. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर आतून बाहेर जाणारी एकच गोल गोल रेघ असते, सीडीची रेघ सरळ केली तर ५ किलोमीटरच्या वर भरते, म्हणजे फोंड्याच्या बस स्टँडवरून निघून मंगेशीच्या वाटेवर बरंच पुढे जाल. लेझरचा ठिपका त्या रेघेवरून जातो, सपाट जागेवरून उजेड परत येतो आणि खळग्यावरून येणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात म्हणून उजेड कमी होतो. उजेडाचा हा चढउतार म्हणजेच गाणं, चित्र, सगळं. पाटीवर जाड खडूने लिहिलं तर चार ओळी मावतात आणि टोक काढलेल्या पेन्सिलीने दहा, तसंच इथे लेझरची तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक. सीडीला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर आणि रेघेच्या शेजारच्या दोन वेढ्यांत १.६ मायक्रॉन अंतर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याचाही हजारावा), डीव्हीडीला ६५० चा लाल आणि ०.७४ मायक्रॉन, ब्लू-रेला ४०५ चा जांभळट निळा आणि ०.३२. साइज तीच, १२ सेंटिमीटर, पण ७०० मेगाबाइटवरून ४.७ गिगाबाइट आणि तिथून एका थरात २५! निळा उजेड देणारे सेमीकंडक्टर बनवणं इतकं अवघड होतं की गॅलियम नायट्राइडवर काम करून निळे एलईडी बनवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, निळा लेझर त्याच वाटेवरून आला.

हे घरी बघता येतं, आणि माझ्या भाचीला दाखवलं तेव्हा ती अर्धा तास हलली नाही. साधा लाल लेझर पॉइंटर घ्या, अंधाऱ्या खोलीत डिस्कवर सरळ मारा (डोळ्यात अजिबात जाऊ देऊ नका, परत येणारा किरणसुद्धा नाही). सीडीवरून सरळ परत येणाऱ्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना साधारण २४ अंशांवर आणखी ठिपके दिसतात, डीव्हीडीवर तेच ठिपके ६० अंशांच्या पुढे लांब फेकले जातात, आणि ब्लू-रेवर बाजूचे ठिपके येतच नाहीत, कारण रेघा लाल उजेडाच्या लाटेपेक्षा इतक्या जवळ आहेत की त्याला फाकायला जागाच उरत नाही. मायक्रॉनच्या गोष्टी नुसत्या भिंतीकडे बघून मोजता येतात, मला हे अजूनही भारी वाटतं.

आमच्या सीडी मात्र छापलेल्या नव्हत्या, शूटिंगवाल्याने कॉम्प्युटरच्या रायटरवर लिहिलेल्या होत्या, आणि दोन्हींत खूप फरक आहे. लिहायच्या सीडीत खळगे नसतात, सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझरने तो जागोजागी भाजतात आणि ते डाग खळग्यांचं काम करतात. रंग म्हटला की तो ऊन आणि उष्णतेने उडणार, अंगणात वाळत घातलेल्या लुगड्यासारखा. छापलेली डिस्क चांगल्या जागी असेल तर कितीतरी वर्षं टिकते, पण तिथेही दमट हवा कडेने किंवा लॅकरच्या भेगेतून आत शिरली की ॲल्युमिनियमचं ऑक्साइड होतं, ते पारदर्शक असतं, लेझर परत येत नाही. डिस्क दिव्यासमोर धरली आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर समजा सुरुवात झाली.

गोव्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने हवा ओली, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी येते हे कुणाला सांगायला नको. बुरशी सीडी खाते हे पण खरं आहे, २००१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या दमट देशातून आलेल्या एका सीडीत स्पेनच्या संशोधकांना बुरशी सापडली होती, तिने कडेपासून आत जाऊन प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम दोन्ही पोखरलं होतं. त्यात आपल्याकडे कागदी लेबलं चिकटवायची सवय, कागद पाणी ओढतो, फुगतो, गोंद धातू सोडत नाही, आणि पुढचं मी माझ्या हाताने केलं.

व्हीसीडीचं आणखी एक दुखणं आहे जे फार कमी लोकांना माहीत असतं. सीडीवर माहिती अशी विखरून आणि जास्तीचे आकडे घालून लिहिलेली असते की रेघेवरची अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग जागा वाचता आली नाही तरी प्लेयर ती गणिताने भरून काढतो. कॉम्प्युटरच्या डेटा सीडीला त्यावर आणखी एक संरक्षण असतं, पण १९९३ मध्ये व्हीसीडी ठरवताना जागा वाढवायला व्हिडिओसाठी ते काढून टाकलं, २०४८ बाइट मावत होते तिथे २३२४ बसवले, म्हणून ७४ मिनिटं चित्र मावलं. तेही फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आजच्या फुल एचडीत त्याच्या वीसपट ठिपके असतात. शिवाय प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवत नाहीत, आधीच्या फ्रेमपासून काय बदललं तेवढंच ठेवतात, त्यामुळे एका जागी घोटाळा झाला की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत नटाच्या तोंडावर चौकोन नाचत राहतात. ते चौकोन आपण सगळ्यांनी पाहिलेत.

"मग आता डिस्कचं काय, सगळं तर मोबाइलवर आहे" असं माझा भाऊ म्हणतो. धंद्याच्या बाजूने त्याचं बरोबर आहे. २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी घरोघर पोचवणारी आपली मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, १९९८ पासून पोस्टाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शेवटची पाठवली, सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहायच्या ब्लू-रे बनवणं बंद केलं. पण चित्राच्या बाजूने विचाराल तर डिस्क अजून पुढे आहे. नेटफ्लिक्स फोरकेसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन सुचवतं, त्या दराने दोन तासांचा सिनेमा साडेतेरा गिगाबाइटचा होतो, आणि तोच सिनेमा फोरके डिस्कवर ६६ किंवा १०० गिगाबाइटच्या जागेत ऐसपैस बसतो, आवाज काहीही न कापता. रात्रीचा सीन असेल, धुकं असेल, समुद्रावरचा काळोख असेल, तिथे स्ट्रीमिंगमध्ये पट्टे दिसतात आणि डिस्कवर फारसे दिसत नाहीत. आणि डिस्क एकदा घेतली की ती तुमची, ॲपवर "विकत" घेतलेला सिनेमा म्हणजे फक्त बघायचा परवाना असतो, म्हणूनच कॅलिफोर्नियात २०२५ पासून दुकानदाराला हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं.

त्यामुळे मला वाटतं मोठ्या सिनेमांच्या डिस्क थोड्या, महाग आणि शौकिनांसाठी म्हणून राहतील. संशोधनही थांबलेलं नाही, २०२४ मध्ये चीनच्या शास्त्रज्ञांनी १०० थरांत लिहून डीव्हीडीएवढ्या तबकडीत १.६ पेटाबिट, म्हणजे २०० टेराबाइट मावू शकतात असं दाखवलं, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक अख्खा हॉलिवूड सिनेमा काचेच्या चौकोनी तुकड्यात लेझरने कोरून ठेवला, ७५ मिलिमीटर लांबरुंद आणि २ मिलिमीटर जाड. तो तुकडा उकळला तरी त्यातली माहिती जात नाही.

माझी काळजी मोठ्या सिनेमांची नाहीच. त्यांच्या मास्टर कॉपी कुठे ना कुठे नीट ठेवलेल्या आहेत. पण मडगाव-म्हापशाच्या बाजारात मिळायच्या त्या तियात्रांच्या (गोव्यातली कोंकणी गाण्यांची नाटकं) आणि कोंकणी व्हिडिओ सिनेमांच्या व्हीसीडी, जत्रेची नाटकं, दशावतार, भजनाच्या स्पर्धा, कुणाच्या आज्याचं कीर्तन, हे कुठल्या ॲपवर येणार आहे? यातलं कितीतरी फक्त डिस्कवर आहे, तेही लिहिलेल्या, लेबल चिकटवलेल्या, आणि वाचणारे ड्राइव्ह लॅपटॉपमधून कधीच गेलेत. माझ्या हिशेबाने डिस्कचं भविष्य म्हणजे आपल्या कपाटातल्या डिस्कचे पुढचे चार-पाच पावसाळे.

म्हणून करायचं ते आत्ताच करा. यूएसबीला लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह अजून मिळतो. डिस्क पुसायची तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ, गोल कधीच नाही, कारण गोल ओरखडा एकाच रेघेवरून जातो आणि गणिताला भरून काढता येत नाही. लेबल सुटत असेल तर त्याला हातसुद्धा लावू नका. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाइल कॉपी करून घ्या, व्हीएलसी प्लेयरवर चालते. अडली तर ड्राइव्हचा स्पीड कमी करून परत बघा, दुसऱ्या ड्राइव्हवर बघा, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. आणि फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्क दुसऱ्या गावात असली तर उत्तम.

आमची पहिली सीडी पूर्ण उतरली. दुसरी ४१ व्या मिनिटाला अडली, बरोबर जिथे नाट्यपद सुरू होण्याआधी मामा स्वर धरतो तिथे. मग नायिकेचं काम केलेल्या वहिनींकडे गेलो, त्यांनी त्यांची कॉपी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तांदूळ घालून ठेवली होती, त्यांची दुसरी सीडी वेगळ्याच जागी खराब होती, सुरुवातीला, त्यामुळे दोन्ही जोडून अख्खं पद मिळालं. वहिनी बाजूला बसून ऐकत होत्या, मधेच म्हणाल्या, "अरे, इथे त्याने मला दोनदा स्वर दिलेला, मी चुकले होते."

तिसरी सीडी त्यांच्याकडे नाही. शूटिंगवाला दुकान बंद करून परदेशी गेला. त्या वर्षी गावात वीस-पंचवीस घरांनी सीडी घेतल्या होत्या असं वहिनी म्हणतात, चवथीला, म्हणजे गणपतीला, सगळे घरी येतात, तेव्हा ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन मी दारोदार जाणार आहे.